चातुर्मासाचा गारवा

वाई, ८ जून १९८९

सौ. अनुसूयाबाई विहीणबाईंना
शारदेचा नमस्कार.

जावईबापूंचं पत्र काल दुपारी हातात पडलं. कमलची वार खाली आहे, अंगावर थोडं दिसलंही होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी आगगाडीचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणून बजावलंय. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी, हे आता सोडायचं. सोडलं. लेकीच्या जिवापुढे रीतभात काय चाटायचीय?

पण एक स्पष्ट लिहिते, राग आला तर येऊ द्या. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ गेला, तेव्हा मी जुलैत पंधरा दिवस तुमच्याकडे राहून गेले. ते पंधरा दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. पाऊस पडेना आणि आभाळ हलेना. अंग पुसलेला पंचा दोरीवर वाळायचा नाही, दुसऱ्या दिवशी तोच आंबूस पंचा पुन्हा तोंडाला लावायचा. मिठाच्या बरणीत पाणी. गादीला हात लावावा तर ओली. आणि तो तुमचा कूलर! हवा कसली, कुजक्या गवताचा वास नुसता तोंडावर मारत होता. एकदा मी त्याची मागची जाळी काढून पाहिली. आतल्या पाण्यात शेवाळ, वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या, आणि एक मेलेली पाल फुगून तरंगत होती. शी! ती हवा आम्ही आठ दिवस छातीत ओढत होतो. त्या दिवशी मी जेवले नाही आणि का जेवले नाही ते तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते.

माझा दिवाकर पुण्यात ज्या कारखान्यात आहे तिथे एसी बनतात. कामगारांना एक सवलतीत मिळतो, तो त्याने बहिणीसाठी घेतला. स्टॅबिलायझरसकट रेल्वे पार्सलने झाशीला पाठवतोय. हा हुंडा नाही, आहेर नाही, आणि उपकार तर नाहीच नाही. कमलला अजून पाच महिने अंथरुणावर काढायचेत. मशीन तिच्या खोलीत लावायचं, एवढंच माझं मागणं.

आपली
शारदा


झाशी, १७ जून १९८९

शारदाबाईंना अनुसूयेचा नमस्कार.

पत्र वाचलं. पालीचं वाक्य तीनदा वाचलं. पाल आमच्या कूलरमध्ये मेली, हा गुन्हा कबूल. वाईतल्या पाली कृष्णेच्या घाटावर जाऊन मरतात की काय, ते मला माहीत नाही.

पण खोटं कशाला बोलू? मे महिन्यात लू चालते तेव्हा कूलरसारखं सुख नाही. खसचं गवत ताजं असलं, टाकीत पाणी असलं, की बाहेर शेहेचाळीस असो नाहीतर सत्तेचाळीस. कोरड्या उन्हात माणूस भाजून निघतं पण कुजत नाही. खरी परेशानी आषाढात. उमस सुरू झाली की कूलर ओल्यात आणखी ओल घालतो. लग्न होऊन सागरहून या घरात आले त्याला तेहतीस वर्षं झाली. या उमशीचा मला जेवढा वीट आलाय तेवढा तुम्हाला पंधरा दिवसांत येणं शक्य नाही. ब्लाउज काखेत कुजून फाटतात. पोळ्या लाटताना हनुवटीवरून घाम कणकेत पडतो, आणि आपण तो गुपचूप मळून टाकतो. घरातले चवीने जेवतात. मला माझ्या हातचं खाववत नाही.

तुमचं पत्र ऐकून ह्यांनी आधी पाय आपटले. व्याह्यांकडून आजवर काडी घेतली नाही. दोनशे वर्षांपूर्वी मूळपुरुष डोक्यावर देव घेऊन कोकणातून इथे आले, सुभेदारांच्या दफ्तरात लागले, कोणापुढे हात पसरला नाही. सगळं पुराण झालं. आमचा विद्याधर मऊरानीपूरच्या तहसिलीतून शनिवारचा घरी येतो, तो आमच्या दोघांच्या मध्ये बसून नखं खात राहिला. शेवटी मीच म्हटलं, नातवंड तुमचं आहे, अभिमान मागून. तेव्हा कुठे कबूल झाले.

एक मात्र आहे. आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी देवाची. पहिला आंबा देवाला, नवं कापड देवाच्या पायावरून. सत्तर साली ट्रान्झिस्टर आणला तोही पहिला दिवस देवघरात वाजला. तसा तुमचा एसी एक दिवस देवापुढे राहील, मग कमलच्या खोलीत जाईल. एवढं चालवून घ्या.

अनुसूया


वाई, ४ जुलै १९८९

अनुसूयाबाई, घाईत कार्ड लिहिते.

एक दिवस काय, दोन दिवस ठेवा. हळदीकुंकू वाहा, नारळ फोडा, फक्त नारळाचं पाणी आत जाऊ देऊ नका. पण मशीन पोचलं का? दिवाकर म्हणतो एव्हाना पोचायला हवं. कमल दोन ओळींत "बरी आहे" एवढंच कळवते. लहानपणी एकशेतीन तापातही ती बरीच असायची, म्हणून तिच्यावर माझा भरवसा नाही. तुम्ही लिहा.

शारदा


झाशी, १९ जुलै १९८९

सौ. शारदाबाईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मशीन सुखरूप पोचलं. मिस्त्री मिळायला आठ दिवस गेले. खिडकी काढून, भिंत थोडी फोडून बसवलं. शुक्रवारी आषाढी एकादशी होती, तोच मुहूर्त धरून सुरू केलं. खोलीत पाऊल टाकलं की माघ महिना. सगळा मोहल्ला येऊन पाहून गेला. ह्यांच्या कचेरीतले जुने मित्र केशवराव आणि भीमराव तर रोज येतात. दिवाकरला माझे आशीर्वाद सांगा, मशीन फार उत्तम आहे.

कमल डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकते, अंथरुणावरून उठत नाही. यंदा लंगडा आंबा छान आला. एरचहून ह्यांच्या मामेभावाने खरबुजं पाठवली होती, ती बेताची निघाली. पाऊस अजून नाही.

काळजी नसावी.

अनुसूया


वाई, २६ जुलै १९८९

अहो विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग चहा घेतला. महिनाभर घशाखाली घास नीट उतरत नव्हता. पालीबद्दल लिहिलं ते जरा जास्तच झालं, माझी जीभ अशीच आहे. पोटात घाला.

माघ महिना म्हणालात म्हणून काळजी वाटली. कमलला गारठा लगेच बाधतो, नाक गळायला लागतं. सोबत लोकरीचे पायमोजे पाठवतेय, रात्रीचा दिवस करून विणलेत. पोटावरून शाल घेऊन निजत जा म्हणावं. आणि मशीनचं वारं सरळ अंगावर घेऊ नये, असं दिवाकर सांगतो.

परवा तिचं कार्ड आलं. अक्षरं सगळी फुटलेली, शाई पसरलेली. झाशीत पाऊस लागला वाटतं, पोस्टमनच्या झोळीत भिजलं असेल. काही का असेना, माझी पोर गारव्यात आहे. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आपली
शारदा


झाशी, ३ ऑगस्ट १९८९

शारदाबाई,

पायमोजे परवा पोचले. कमलने पुडकं उघडलं, मोजे हातात धरून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मला तिथे बसवेना. खोटं लिहिणारी बाई मी.

कार्ड पावसात भिजलेलं नव्हतं. तिच्या मनगटावरून घाम निथळतो, शाई टिकत नाही. एसी तिच्या खोलीत नाही. देवघरात आहे. एका दिवसासाठी नाही, कायमचा आहे.

एकादशीला मशीन सुरू झालं आणि त्याच सकाळी ह्यांनी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की चातुर्मासभर देवांना शीतल वायूची सेवा करीन. चार महिने देव झोपतात, त्यांची झोप उमशीत मोडू नये म्हणे. पाणी ताम्हनात पडलं. मी दारात उभी राहून पाहिलं. चातुर्मास संपतो कार्तिकात. कार्तिकात झाशीला रजई लागते!

नंतर म्हटलं, पोरीचं काय? तर म्हणाले, "कूलर काय वाईट आहे? तू सगळी बाळंतपणं पंख्याशिवाय काढलीस." तिला देवघरात निजवू म्हटलं तर अंगावर आले. गरोदर बाई, बसायचं भांडं खाटेखाली, ती सोवळ्याच्या खोलीत?

पुढचं ऐका. एसी आतला उकाडा मागे फेकतो, हे आम्हाला कोणाला माहीत? देवघराचं मागचं तोंड आंगणात, आणि तीन हातांवर कमलची खिडकी. देवांचा सगळा उकाडा तिच्या उशाशी येतो. खिडकी लावली तर कोंडते, उघडली तर भट्टी. एसी चालू झाला की व्होल्टेज पडतं. स्टॅबिलायझर एसीला, त्यामुळे तिचा कूलर रडतखडत फिरतो, नाहीतर बंदच पडतो. दिवसा मोजून पाच तास बिजली येते, ते पाचही तास देवाचे.

तिच्या पाठीला घामोळं राहिलं नाही, पुळ्या झाल्यात. त्या फुटतात आणि चादरीला चिकटतात, चादर ओढली की ती ओठ चावते. भांडं खोलीतच. तो वास, कुबट गादी, कूलरचं सडकं गवत, वर मी ओतलेलं फिनेल. रोज साफ करते आणि रोज मला ओकारी येते. पोरीची नाही हो, माझी स्वतःची येते.

आणि भिंतीपलीकडे दर्शन चाललेलं असतं. केशवराव आणि भीमराव, जन्मात एक एकादशी न केलेले, बाराच्या ठोक्याला दर्शनाला येतात ते पाचला जातात. जपमाळ छातीवर, तोंड उघडं, घोरणं आंगणात ऐकू येतं. मी सोवळं नेसून त्यांना चहा नेऊन देते. काल देवापुढच्या आसनावर एकाची लाळ सांडली होती, ती मी माझ्या हाताने पुसली. थू!

रविवारी कमलला बसल्या जागी घेरी आली. आमची भांडेवाली पार्वती माझ्यावर ओरडली, "बाई, मोड़ी तो मर जैहै!" पोर मरेल म्हणाली, आणि खरंच म्हणाली. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. रक्तदाब वाढलाय, पाय सुजलेत. थंड खोली मिळाली नाही तर आई आणि बाळ, दोघांपैकी कोणाचीच हमी नाही, असं सांगून गेल्या. विद्याधर म्हणतो, "बाबांचा नेम आहे, आई, मी काय बोलू?" मुलगा मीच वाढवलाय, दोष कोणाला देऊ?

तुम्ही ह्यांना लिहा. तुमच्या शब्दाला तरी मान देतील.

अनुसूया


वाई, १० ऑगस्ट १९८९

अनुसूयाबाई,

मी व्याह्यांना काही लिहिणार नाही. त्यांनी मला कधी खोटं लिहिलेलं नाही. ते तुम्ही लिहिलंत.

"काळजी नसावी" म्हणालात! आंबे कसे आले ते लिहिलंत, खरबुजं बेताची निघाली तेही लिहिलंत. मी इथे साखर वाटत फिरत होते, आणि माझी पोर तिथे तिच्याच भावाने पाठवलेल्या मशीनच्या झळा खात होती. तुमच्या यजमानांची मला चीड आली, पण किळस तुमची आली. तुम्हाला सगळं दिसत होतं.

देवाला मध्ये आणू नका. माझ्याही घरात तोच देव आहे. त्याने मशीन मागितलं नाही, मागितलं त्या तीन म्हाताऱ्यांच्या ढेऱ्यांनी.

दिवाकरला पंचवीस तारखेपासून रजा मिळतेय. तो येऊन बहिणीला उचलून नेईल, झाशीतच दवाखान्यात ठेवेल, नाहीतर मिळेल त्या गाडीने घेऊन येईल. वाटेत तिचं काही बरंवाईट झालं तर ते तुमच्या उंबऱ्यात झालं असं मी समजेन.

तेहतीस वर्षं त्या घरात तुम्ही केलंत काय? नुसता चहा?

शारदा


झाशी, २० ऑगस्ट १९८९

शारदाबाई,

पत्र बुधवारी आलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, नुसता चहा.

एकोणसाठच्या जुलैत, कमल निजते त्याच खोलीत मला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी अंग तापलं, टाळू आत गेली, जीभ कोरडी पडली, आणि संध्याकाळी संपली. घरात एकच टेबलफॅन होता. तो देवघरात होता, सासरे पूजेला बसत म्हणून. मी मागितला नाही. मागितला असता तर दिला असता की नसता, तेही मला माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही. आज तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मुलगी जन्मतःच अशक्त होती. तुम्हाला खोटं लिहिलं ते काही पहिलं नव्हतं. तुम्हाला माझी किळस आली, ती मला तुमच्या आधीपासून येते.

गुरुवारी सकाळी न्हाले आणि ओलेत्याने देवघरात गेले. हे पूजा आटोपून डोळे मिटून बसले होते. मी एकेक देव उचलून ताम्हनात घेतला, गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम. ह्यांनी डोळे उघडले तेव्हा देव्हारा रिकामा होता. मी म्हटलं, आता देव कमलच्या खोलीत आणि कमल इथे. पार्वती आणि तिचा नवरा खाट घेऊन दारात उभेच होते. "पार्वती देवघरात?" म्हणून हे किंचाळले. म्हटलं, हो, पार्वती. आणि मागून भांडंही येतंय.

मग संकल्प मोडला, पाप लागेल, सात पिढ्या नरकात जातील, सगळं झालं. मी म्हटलं, संकल्प कुठे मोडला? शीतल वायूची सेवा ना? खोली धुऊन काढलीय, कूलरला नवी खस लावलीय, आणि कूलर काय वाईट आहे असं तुम्हीच म्हणालात. बसा तिथे आणि करा सेवा. पाप लागलंच तर माझ्या एकटीला लागू दे.  

हे इरेला पेटून तिथे जाऊन बसले. बाराला केशवराव आणि भीमराव आले. आत डोकावले, त्या गरम झळा तोंडावर घेतल्या, एकमेकांकडे पाहिलं. केशवराव म्हणाले, आज जरा बँकेत काम आहे. भीमरावांनाही तेव्हाच बँक आठवली. आज चौथा दिवस, दर्शनाला कोणी आलेलं नाही.

कमल पहिल्या दिवशी सहा तास निजली. मध्येच मी नाकापुढे बोट धरून पाहिलं, इतकी शांत निजली होती. काल डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. सूज उतरतेय, रक्तदाब खाली आलाय, बाळाचे ठोके चांगले आहेत. पाठीच्या पुळ्या सुकू लागल्या. अजून अडीच महिने आहेत, मी छातीठोक काही लिहीत नाही. विद्याधर काल आला, बापाकडे न जाता सरळ बायकोपाशी जाऊन बसला. दिवाकरला जरूर येऊ द्या, त्याच्या डोळ्यांनी पाहू दे आणि तुम्हाला कळवू दे. माझ्या पत्रावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. तुम्हीही या. बाळंतपणाला मला तुम्ही हव्या आहात.

आज दुपारी हे देवघराच्या दारात येऊन उभे राहिले. धोतर अंगाला चिकटलेलं, चेहरा लाल, जानव्यावरून पाणी गळत होतं. तीन दिवस माझ्याशी किंवा सुनेशी एक अक्षर बोलले नव्हते. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "सूनबाई, जरा आत येऊ का?"

मी तोंड उघडणार होते, पण कमलने हात वर केला. कुशीवर वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "या बाबा. पण एकटे या."

अनुसूया